सहा वर्षांच्या मुलीचा आळशी डोळा: पट्टी बांधावी की डोळ्यांचे व्यायाम करावेत?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे. मुलगी सहा वर्षांची आहे. शाळेतील तपासणीत तिचा डावा डोळा कमजोर आढळला. थेंब घालून नंबर काढला तेव्हा उजव्या डोळ्याला +१ आणि डाव्याला +४.५ नंबर निघाला, आणि चष्मा लावून उजवा डोळा ६/६, म्हणजे सामान्य, वाचत असला तरी डावा ६/२४ च्या पुढे जात नाही, म्हणजे सामान्य डोळ्याला २४ मीटरवरून दिसणारे अक्षर त्याला सहा मीटरवरूनच वाचता येते. नेत्रतज्ज्ञांनी काही आठवडे चष्मा आणि त्यानंतर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी असे उपचार सांगितले आहेत. एका व्हिजन ट्रेनिंग केंद्राने मात्र पट्टी ही कालबाह्य पद्धत असून तिने चांगला डोळाही बिघडतो, असे सांगून संगणकावरील काही महिन्यांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. त्यात घरातील मोठी माणसे ‘वय वाढले की आपोआप सुधारेल’ म्हणतात आणि मुलगी पट्टी ओढून काढते.

माझे मत आधीच सांगते. चष्मा जागेपणी पूर्णवेळ, त्यानंतर ठरलेले तास खरोखर पाळून पट्टी, आणि ट्रेनिंग करायचेच असेल तर या दोन्हींच्या जोडीला. त्यांच्या जागी नव्हे. या उपचाराचे यश कमजोर डोळ्याकडून मेंदूला रोज किती वेळ स्पष्ट प्रतिमा मिळते यावर ठरते, आणि पुढे जे काही लिहिले आहे ते या एका हिशोबाभोवतीच आहे.

प्रथम हे कसे घडले ते पाहू, कारण ‘आम्हाला इतकी वर्षे कळलेच नाही’ ही टोचणी बहुतेक पालकांना असते. तुमच्या मुलीचे डोळे बाहेरून सरळ आहेत. तिच्या अडचणीचे मूळ दोन डोळ्यांच्या नंबरमधील मोठ्या फरकात आहे. लहान मुले डोळ्यातील भिंग फुगवून अधिक नंबराची उणीव बरीचशी भरून काढू शकतात. परंतु दोन्ही डोळ्यांतील ही क्रिया एकाच आज्ञेवर, सारख्याच प्रमाणात चालते. उजव्या डोळ्याला स्पष्ट दिसण्यापुरता जोर लावला की काम भागते, आणि डाव्या डोळ्याची साडेतीन नंबरांची उणीव तशीच राहते, दूरचे पाहतानाही आणि जवळचे पाहतानाही. त्यामुळे जन्मापासून त्या डोळ्याने मेंदूला धूसर चित्रच पाठवले आहे. मूल एका डोळ्याने व्यवस्थित पाहते, धावते, चित्रे रंगवते; मग घरच्यांना शंका यावी तरी कशी?

मेंदूच्या बाजूने काय घडते, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. पिल्लाची एक पापणी सुरुवातीच्या आठवड्यांत शिवून ठेवली, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी उघड्या डोळ्यालाच प्रतिसाद देऊ लागत. मोठ्या मांजरीत तेच केले तर असा परिणाम होत नसे. या शास्त्रज्ञांना १९८१ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दृष्टीची जडणघडण होण्याच्या वयात ज्या डोळ्याचे चित्र खराब असते, त्याचा मेंदूतील वाटा दुसरा डोळा घेतो. हे चित्र नंबरमुळे, तिरळेपणामुळे किंवा मोतीबिंदू वा झुकलेल्या पापणीच्या अडथळ्यामुळे खराब होऊ शकते. त्यांतील जन्मजात मोतीबिंदूचा प्रकार सर्वांत घाईचा. तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर काही दिवसांचीही वाट पाहू नये. तुमच्या मुलीच्या बाबतीत अशी घाई नाही, पण वर्षभर थांबण्याइतकी सवडही नाही. वय वाढल्याने हा दोष आपोआप जात नाही. उलट वय वाढते तसा उपचाराला मिळणारा प्रतिसाद मंदावत जातो.

आता चष्म्याविषयी. पालक चष्म्याला पट्टीच्या आधीची औपचारिकता समजतात, आणि ही समजूत महागात पडते. चष्मा हाच पहिला उपचार आहे. नंबरातील फरकामुळे आलेल्या मंददृष्टीत (आळशी डोळ्यालाच मंददृष्टी म्हणतात) अमेरिकेतील ‘पीडियाट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुप’ या संशोधकांच्या गटाने लहान मुलांना केवळ चष्मा देऊन पाहिले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुलांची मंददृष्टी चष्म्यानेच गेली आणि तीन चतुर्थांशांहून अधिक मुलांची दृष्टी तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली. ही सुधारणा चष्मा लावल्याच्या दिवशी दिसत नाही. ती पहिल्या चार-पाच महिन्यांत हळूहळू होते. म्हणून मला तुमच्याकडून एक गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते: ६/२४ हा आकडा नवा चष्मा हाती आला त्या दिवसाचा आहे, की काही आठवडे चष्मा नियमित वापरल्यानंतरचा? पहिल्या दिवसाचा असेल तर त्यावरून निराश होण्याचे कारण नाही, आणि पट्टीचा हिशोब चष्म्यानंतरच्या आकड्यापासून मांडला पाहिजे.

चष्मा किती आठवडे लावून मग पट्टी सुरू करावी, याबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. जुना शिरस्ता साधारण अठरा आठवडे थांबण्याचा होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युपॅच’ या युरोपीय चाचणीत तीन आठवड्यांच्या चष्म्यानंतर पट्टी सुरू केलेल्या मुलांपैकी अधिक मुलांना अपेक्षित यश मिळाले. अर्थात त्यात पट्टीही रोज दहा तासांची होती. माझा स्वतःचा कल असा आहे की, सहा-सहा आठवड्यांनी तपासावे, दृष्टी चढत असेल तोवर चष्म्याला संधी द्यावी आणि चढ थांबल्याबरोबर पट्टी सुरू करावी. डोळा फारच कमजोर असेल किंवा कुटुंबाला वारंवार तपासणीला येणे शक्य नसेल, तर लवकर सुरू करावी. तुमच्या नेत्रतज्ज्ञांची योजना यापेक्षा वेगळी असली तरी ती चुकीची ठरत नाही. जे चुकीचे ठरेल ते एवढेच की, चष्मा शाळेपुरता लावायचा आणि घरी काढून ठेवायचा.

पट्टी नवी नाही हे केंद्राचे म्हणणे खरे आहे. फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ यांनी अठराव्या शतकातच तिची शिफारस केली होती. पण जुनी म्हणून ती कालबाह्य होत नाही, कारण गेल्या पंचवीस वर्षांत तिची जेवढी काटेकोर तपासणी झाली तेवढी बालनेत्रवैद्यकातील फार थोड्या उपचारांची झाली असेल. वर उल्लेखिलेल्या गटाने २००३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये मध्यम मंददृष्टीसाठी रोज दोन तास आणि रोज सहा तास अशा दोन मात्रांची तुलना केली. चार महिन्यांनंतर दोन्ही गटांत सरासरी सुधारणा सारखीच, म्हणजे सुमारे २.४ ओळी होती. तीव्र मंददृष्टीत सहा तास आणि दिवसभर यांतही फरक आढळला नाही. ६/२४ ही मध्यम गटाची खालची सीमा असल्याने दोन तासांपासून सुरुवात करण्याचा सल्ला योग्य आहे. दोन तासांवर दृष्टी अडकून राहिली, तर सहा तासांपर्यंत वाढवल्याने पुढे आणखी सुधारणा होऊ शकते, हेही नंतरच्या चाचणीत दिसले आहे.

मात्र या निष्कर्षांत एक मेख आहे. सांगितलेले तास आणि प्रत्यक्ष पट्टी डोळ्यावर असलेले तास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये पट्टीला छोटे इलेक्ट्रॉनिक मापक जोडून केलेल्या अभ्यासात मुलांनी सांगितलेल्या वेळेच्या सरासरी निम्म्याच्या आसपासच पट्टी बांधल्याचे आढळले. त्याच अभ्यासाने तक्त्यावरील एका ओळीच्या सुधारणेला सुमारे १२० तासांची प्रत्यक्ष पट्टी लागते, असा उपयोगी अंदाजही दिला. रोज खरे दोन तास धरले तर एका ओळीला दोन महिने होतात. ६/२४ आणि ६/६ यांत आधुनिक तक्त्यावरील सहा ओळींचे अंतर आहे. त्यातील काही ओळी चष्माच भरून काढील, आणि उरलेल्या पट्टीच्या वाट्याला येतील. हा हिशोब मी पालकांसमोर पहिल्याच दिवशी मांडते, कारण महिन्याभरात चमत्कार न दिसल्यामुळे पट्टी सोडून दिलेली मुले, पट्टीने गुण न आलेल्या मुलांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त असतात.

म्हणून तास कसे जमवायचे, याकडेच सर्वांत जास्त लक्ष द्यावे. पट्टी थेट त्वचेवर चिकटणारी असावी आणि तिच्यावरून चष्मा लावावा. चष्म्याच्या काचेवर चढवलेल्या कापडी पट्टीतून मुले नाकाच्या बाजूने बेमालूम डोकावतात. पट्टी दिसते, तास भरतात आणि उपचार मात्र झालेला नसतो. त्वचा लाल होत असेल तर पट्टीचा रुंद भाग एक दिवस नाकाकडे व एक दिवस कानाकडे ठेवावा, काढताना कडा ओल्या करून सावकाश काढावी, आणि पुरळ आलेच तर दोन दिवस विश्रांती द्यावी. वेळ ठरलेली असावी. रोज नव्याने वाटाघाट करावी लागली की मूल जिंकते, तर शाळेतून आल्यावर खाणे झाले की पट्टी, असा क्रम लागला की दहा-बारा दिवसांत विरोध बराच ओसरतो. दोन तास सलग नसले तरी चालतात; एक तास सकाळी आणि एक संध्याकाळी असे विभागता येतात.

पहिल्या पंधरवड्याकडे मुलीच्या बाजूने पाहा. जिला दोन डोळ्यांनी सारे स्वच्छ दिसते, तिला आपण अचानक ६/२४ च्या दृष्टीवर आणून ठेवतो. अशा वेळी तिच्यासमोर बारीक अक्षरांचा गृहपाठ ठेवला, तर तिने पट्टी उपटणे हे अगदी समंजस वर्तन म्हणावे लागेल. सुरुवातीला मोठी चित्रे, ठोकळे, आवडता कार्यक्रम असे सोपे आणि आनंदाचे काही द्यावे. ‘पट्टी बांधून बारीक कामच केले पाहिजे’ हा आग्रह मीही पूर्वी ऐकत आले आहे. पण जवळचे काम करणारी आणि दूरचे पाहणारी मुले यांची २००८ मध्ये तुलना झाली तेव्हा सुधारणेत फरक आढळला नाही. त्यामुळे डोळा उघडा असून मूल त्याने रस घेऊन पाहत असेल, तर तेवढे पुरे आहे. सायकल, उंचावर चढणे आणि रस्ता ओलांडणे हे मात्र पट्टी असताना टाळावे.

आणि रोजचे खरे मिनिट एका वहीत लिहावेत. वीस मिनिटेच झाली असतील तर वीसच लिहावेत. पालक संकोचाने ‘हो, दोन तास होतात’ म्हणतात, दृष्टी सुधारलेली नसते, आणि समोरचा डॉक्टर उपचार निष्फळ ठरला असे मानून मात्रा वाढवतो किंवा नको त्या तपासण्या सुरू करतो.

पट्टी कशानेही जमलीच नाही तर अ‍ॅट्रोपिनचे थेंब हा समकक्ष पर्याय आहे. २००२ च्या चाचणीत मध्यम मंददृष्टीच्या मुलांमध्ये सहा महिन्यांनी थेंब आणि पट्टी यांचे परिणाम जवळपास सारखे होते, आणि पुढे रोजच्याऐवजी आठवड्यातून लागोपाठ दोनच दिवस थेंब घालूनही तसाच लाभ दिसला. हा थेंब चांगल्या डोळ्यात घालतात. त्याने त्या डोळ्याचे जवळचे दिसणे धूसर होते आणि मूल जवळच्या कामासाठी कमजोर डोळा वापरू लागते. मूल ओढून काढील असे त्यात काही नसते, हा त्याचा मोठा गुण. तोटे म्हणजे बाहुली मोठी राहिल्याने उन्हाचा त्रास होतो, आणि क्वचित चेहरा लाल होणे, ताप येणे, तोंड कोरडे पडणे किंवा मूल बेचैन होणे असे परिणाम होतात. तसे झाल्यास थेंब थांबवून डॉक्टरांना कळवावे. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडील कोपरा मिनिटभर दाबून धरावा आणि हात धुवावेत. ही बाटली मुलांच्या हाती लागता कामा नये, कारण हे औषध पोटात गेल्यास विषारी ठरते.

आता व्हिजन ट्रेनिंग. या एका नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून सरसकट ‘चांगले’ किंवा ‘थोतांड’ म्हणणे बरोबर नाही. फिरणाऱ्या चेंडूमागे नजर नेणे, डोळे गोल फिरवणे, असे स्नायूंचे व्यायाम पहिल्या प्रकारात येतात. तुमच्या मुलीचे डोळ्यांचे स्नायू ठणठणीत आहेत. अडचण मेंदूला मिळणाऱ्या चित्राची आहे. या व्यायामांचा तिला उपयोग होईल असे मानण्याला आधार नाही. दुसरा प्रकार जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळवण्याची क्षमता कमी असलेल्या मुलांसाठी आहे. त्यात प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेले व्यायाम खरोखर गुणकारी ठरतात, हे २००८ च्या एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले आहे. मात्र तो विकार निराळा आहे, आणि त्याचे यश दाखवून मंददृष्टीवरचा अभ्यासक्रम खपवणे मला प्रामाणिक वाटत नाही.

तिसरा प्रकार विचार करण्याजोगा आहे. यात पडद्यावरील खेळ किंवा चित्रफीत दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवतात. कमजोर डोळ्याला ठळक आणि चांगल्या डोळ्याला फिकट, जेणेकरून मेंदूला दोन्ही चित्रे एकत्र वापरावी लागतात. कल्पना तर्कशुद्ध आहे. परिणाम मात्र संमिश्र आहेत. २०१६ मध्ये टॅब्लेटवरील असा खेळ आणि दोन तासांची पट्टी यांची पाच ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये तुलना झाली, तेव्हा सोळा आठवड्यांनी खेळाचा गट पट्टीच्या गटापेक्षा सरस ठरला नाही, आणि सांगितलेल्यापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक वेळ खेळ खेळलेली मुले जेमतेम २२ टक्के होती. म्हणजे कंटाळा येतो तो केवळ पट्टीचाच, असे नाही! त्यानंतर सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आणलेला अधिक रंजक खेळही नुसत्या चष्म्यापेक्षा वरचढ ठरला नाही. दुसरीकडे, डोक्यावर घालण्याच्या संचातून चित्रफिती दाखवणारे ‘ल्युमिनोपिया’ हे उपकरण चार ते सात वर्षांच्या मुलांमध्ये बारा आठवड्यांत सुमारे १.८ ओळींची सुधारणा देऊ शकले, तर नुसत्या चष्म्याच्या गटात ती ०.८ ओळी होती. त्या आधारावर अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. लक्षात घ्या, ही तुलना चष्म्याशी होती, पट्टीशी नव्हे.

या क्षेत्राला गाजावाजाचा जुना इतिहासही आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये फिरत्या पट्टेदार चकत्यांचे एक यंत्र निघाले होते, आणि काही मिनिटांच्या मोजक्या सत्रांत मंददृष्टी सुधारते असे त्याचे सुरुवातीचे निष्कर्ष होते. पुढे पट्टे नसलेली साधी चकती फिरवून तुलना केली, तेव्हा सुधारणा तेवढीच झाली. सत्राच्या वेळी चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याने बारकाईने चित्रे काढणे, हेच बहुधा त्यात काम करत होते. आजही केंद्राचा अभ्यासक्रम चष्मा आणि पट्टीसह दिला जात असेल, तर आलेला गुण नेमका कशाचा, हे सांगता येत नाही. म्हणून केंद्राला स्पष्ट विचारा: तुमच्या पद्धतीची तुलना पट्टीशी झाली आहे का, मुलीच्या वयोगटात झाली आहे का, आणि कोणी केली? ‘पट्टी बंद करा’ ही अट असेल तर मी तो अभ्यासक्रम घेऊ देणार नाही.

पट्टीने चांगला डोळा बिघडतो का? दिवसभराची पट्टी दीर्घकाळ, तपासणीविना चालू ठेवली तर लहान मुलांत चांगल्या डोळ्याची दृष्टी तात्पुरती उतरू शकते, आणि तीव्र तिरळेपणात क्वचित दोन-दोन दिसू लागते. रोज दोन तासांत हा धोका अगदी कमी असतो. तरीही दर सहा ते आठ आठवड्यांनी दोन्ही डोळे तपासले पाहिजेत, आणि दर वेळी त्याच प्रकारच्या तक्त्यावर. सुटे एकेक अक्षर दाखवले तर आळशी डोळा खऱ्यापेक्षा चांगला भासतो, कारण शेजारी अक्षरे असली की त्याचा गोंधळ उडतो. म्हणून पूर्ण ओळीवर किंवा चौकटीतील चिन्हांवर मोजणी व्हावी.

सहा वर्षे म्हणजे उशीर झाला का, तर नाही. सात वर्षांखालील मुलांचा प्रतिसाद सर्वांत चांगला असतो आणि तुमची मुलगी त्या गटात बसते. मोठ्या मुलांतही दार बंद झालेले नसते. २००५ च्या चाचणीत सात ते बारा वर्षांच्या मुलांपैकी पट्टी व थेंब दिलेल्या सुमारे निम्म्या मुलांत लक्षणीय सुधारणा झाली, तर नुसत्या चष्म्यावर ती एक चतुर्थांशांत झाली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ज्यांच्यावर पूर्वी उपचार झाले नव्हते, त्यांनाही लाभ दिसला. शस्त्रक्रियेविषयी कोणी सुचवले असेल, तर ती तिरळ्या डोळ्याची ठेवण सुधारण्यासाठी असते; तुमच्या मुलीला तिची गरज नाही.

प्रामाणिकपणे तास भरूनही तीन-चार महिन्यांत आकडा हलला नाही, तर आधी थेंब घालून नंबर पुन्हा काढावा आणि पडदा व दृष्टीची नस नव्याने तपासून घ्यावी. सूक्ष्म तिरळेपणा किंवा नसेचा दोष आळशी डोळ्याच्या आड लपून राहू शकतो. सुधारणा पूर्ण झाली तर पट्टी एकदम सोडू नये. उपचार थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारांपैकी एका मुलाची दृष्टी पुन्हा घसरते, आणि रोज सहा-आठ तासांची पट्टी एका झटक्यात बंद केलेल्या मुलांत हे प्रमाण अधिक असते. तास टप्प्याटप्प्याने उतरवावेत, आणि पट्टी सुटली तरी चष्मा चालू ठेवून दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तपासणी करत राहावी. चष्म्याच्या काचा सहज न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या घ्याव्यात; एका डोळ्याची दृष्टी कमी असताना दुसऱ्याला इजा होणे परवडणारे नसते. तिला धाकटे भावंड असेल तर त्याचीही तपासणी आत्ताच करून घ्या. नंबरातील असा फरक कुटुंबात पुन्हा दिसू शकतो, आणि तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे येत नसली तरी चित्रांच्या तक्त्यावर त्याची दृष्टी मोजता येते.